कार्य आणि गतिज ऊर्जा: गणित सोडवायला नेमकी कुठून सुरुवात करायची

कार्य-ऊर्जेचं गणित समोर आलं की बहुतेक जण आधी सूत्रं आठवायला लागतात आणि मग दिलेल्या आकड्यांपैकी कुठले आकडे कुठल्या सूत्रात बसतायत ते बघतात. सोप्या गणितात ते जमूनही जातं. पण दोरी जरा तिरकी केली, जमिनीला घर्षण दिलं, किंवा वस्तूला सुरुवातीलाच वेग दिला की सगळं विस्कटतं, कारण सूत्र पाठ असतं पण कोणाचं कार्य, कोणावर, कुठपासून कुठपर्यंत हे ठरवलेलंच नसतं. माझं म्हणणं एवढंच की ह्या धड्यात आकडेमोड सगळ्यात शेवटी येते. आधी बलांची यादी आणि प्रत्येकाचं चिन्ह. ते नीट झालं की पुढचं गणित पाचवीतल्या मुलालाही जमेल, वर्गमूळ सोडून.

आधी सामान काय लागतं ते बघू. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन, पण बलाचा फक्त तेवढाच भाग जो विस्थापनाच्या दिशेने आहे. म्हणून त्यात कॉस थीटा येतो, थीटा म्हणजे बल आणि विस्थापन ह्यांच्यामधला कोन. गतिज ऊर्जा म्हणजे ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग. दोन्हींचं एकक ज्यूल. आणि ह्या दोघांना जोडणारं वाक्य, जे खरं तर ह्या धड्यातलं एकमेव महत्त्वाचं वाक्य आहे: वस्तूवर झालेलं एकूण कार्य = शेवटची गतिज ऊर्जा वजा सुरुवातीची गतिज ऊर्जा. ह्याला कार्य-ऊर्जा प्रमेय म्हणतात.

हे वाक्य आकाशातून पडलेलं नाही, दोन ओळीत निघतं. बल स्थिर असेल तर गतीचं तिसरं समीकरण सांगतं की शेवटच्या वेगाचा वर्ग वजा सुरुवातीच्या वेगाचा वर्ग = २ × त्वरण × अंतर. आता दोन्ही बाजूंना वस्तुमानाने गुणा आणि २ ने भागा. उजवीकडे वस्तुमान × त्वरण × अंतर उरतं, म्हणजे बल × अंतर, म्हणजेच कार्य, आणि डावीकडे ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग शेवटचा वजा पहिला. झालं. तो अर्धा कुठून आला ह्याचंही उत्तर इथेच मिळालं, त्या तिसऱ्या समीकरणातल्या २ मधून. बल बदलत असलं तरी प्रमेय चालतंच, अंतराचे बारीक बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्यासाठी हेच करायचं आणि बेरीज घ्यायची.

एक ज्यूल किती असतो ह्याचा अंदाज असलेला बरा, नाहीतर उत्तर हजारपट चुकलं तरी कळत नाही. १ किलोची वस्तू साधारण १० सेंटीमीटर वर उचलली की जवळपास १ ज्यूल कार्य होतं. ६० किलोचा माणूस सेकंदाला १.५ मीटर ह्या वेगाने चालत असेल तर त्याची गतिज ऊर्जा ६७.५ ज्यूल. तोच माणूस ६ मीटर प्रति सेकंदाने पळायला लागला, म्हणजे वेग चौपट, तर १०८० ज्यूल, म्हणजे सोळापट. आणि १००० किलोची गाडी ताशी ७२ किलोमीटरने जात असेल तर २ लाख ज्यूल.

ही पद्धत कधी वापरायची

गणितात अंतर दिलंय आणि वेग विचारलाय, किंवा वेग दिलाय आणि अंतर विचारलंय, आणि वेळेचा कुठे उल्लेखच नाही, तर डोळे मिटून कार्य-ऊर्जा. वेळ दिला असेल तर मात्र संवेग (वस्तुमान × वेग) किंवा गतीची समीकरणं बरी पडतात. बल जागेनुसार बदलत असेल (स्प्रिंग वगैरे) तर नेहमीची गतीची समीकरणं चालतच नाहीत कारण त्वरण स्थिर नसतं, आणि तिथे ही पद्धत वाचवते.

पहिली पायरी: वस्तू कुठली आणि दोन क्षण कुठले

ही पायरी सगळे गाळतात. कागदावर लिहा: वस्तू = पेटी. सुरुवात = पेटी स्थिर असताना. शेवट = ५ मीटर पुढे गेल्यावर. एवढंच. पण लिहा. कारण पेटीवरचं कार्य आणि पेटीने जमिनीवर केलेलं कार्य ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वस्तू ठरली नसेल तर त्या हमखास मिसळतात.

त्याच वेळी एककं बदलून घ्या, नंतर नाही. ग्रॅमचे किलोग्रॅम, सेंटीमीटरचे मीटर, ताशी किलोमीटरला ३.६ ने भागून मीटर प्रति सेकंद. इथे आळस महागात पडतो कारण वेगाचा वर्ग होतो, म्हणजे ३.६ ची चूक जवळजवळ १३ पटीची होऊन बसते.

दुसरी पायरी: बलांची यादी

वस्तूला कोण कोण हात लावतंय ते बघा: दोरी, जमीन, हात, स्प्रिंग, हवा. प्रत्येक स्पर्शाचं एक बल, जमिनीची मात्र दोन, एक लंब दिशेने ढकलणारं म्हणजे नॉर्मल आणि एक घासणारं म्हणजे घर्षण. आणि न शिवता लागणारं ह्या धड्यापुरतं एकच, गुरुत्वाकर्षण. ह्याच्या पलीकडे काही लिहू नका, आणि "गतीचं बल" असलं काहीतरी तर अजिबात नाही. वस्तू पुढे जातेय म्हणून तिच्यावर पुढे बल आहेच असं नसतं.

तिसरी पायरी: प्रत्येकाचं चिन्ह

इथे जरा थांबायला हवं कारण मार्क इथेच जातात. बल विस्थापनाच्या दिशेने असेल किंवा निदान त्या बाजूला कललेलं असेल तर कार्य धन. उलट बाजूला असेल तर ऋण. काटकोनात असेल तर शून्य, मग ते बल कितीही मोठं असू दे. वर्तुळात एकसमान वेगाने फिरणाऱ्या वस्तूवर केंद्राकडे ओढणारं बल सतत काम करतंय असं वाटतं, पण ते प्रत्येक क्षणी वेगाला लंब असतं म्हणून कार्य शून्य, म्हणूनच तिचा वेग वाढतही नाही आणि कमीही होत नाही, फक्त दिशा बदलते.

जड बॅग हातात धरून नुसतं उभं राहिलं तरी हात दुखतो, मग कार्य शून्य कसं? हा प्रश्न दरवेळी येतो आणि तो बरोबर प्रश्न आहे. बॅगेचं विस्थापन शून्य म्हणून बॅगेवरचं कार्य शून्य. दुखतं कारण स्नायूंचे धागे आतल्या आत सतत आकसत-सैलावत असतात आणि त्यासाठी शरीर ऊर्जा खर्च करतं, ती उष्णतेत जाते. बॅगेच्या हिशोबात त्यातलं काही येत नाही. तीच बॅग टेबलावर ठेवली तर टेबल तेवढंच बल लावतं आणि टेबल काही थकत नाही.

आता पाठ करून ठेवलेल्या दोन गोष्टी ज्या नेहमी खऱ्या नसतात. एक, "नॉर्मलचं कार्य शून्य". सपाट जमिनीवर हो. पण लिफ्ट वर जाताना आत उभ्या ६० किलोच्या माणसाला लिफ्टचा तळ वर ढकलतो आणि माणूसही वरच जातोय, त्यामुळे १० मीटर एकसमान वेगाने वर गेल्यावर नॉर्मलचं कार्य तब्बल ६००० ज्यूल होतं (गुरुत्व त्वरण १० धरून), आणि गुरुत्वाकर्षणाचं उणे ६०००. दोन, "घर्षणाचं कार्य ऋण". ट्रकच्या मागे नुसती ठेवलेली पेटी ट्रक वेग घेताना त्याच्यासोबत पुढे जाते ना, तिला पुढे कोण ढकलतंय? घर्षणच. जमिनीवरून पाहिलं तर तिथे घर्षणाचं पेटीवरचं कार्य धन आहे. म्हणून चिन्ह बलाच्या नावावरून ठरवायचं नाही, दिशा बघून ठरवायचं.

चौथी पायरी: बेरीज, आणि मग कुठे आकडे

एक पूर्ण गणित करू. २० किलोची पेटी, सुरुवातीला स्थिर, दोरीने १०० न्यूटन बलाने ओढली, दोरी आडव्याशी ३७ अंशाचा कोन करते (कॉस ०.८, साइन ०.६ धरा), घर्षणांक (घर्षण नॉर्मलच्या किती पट ते) ०.२५, अंतर ५ मीटर. शेवटी वेग किती?

बलं चार: दोरी, गुरुत्वाकर्षण, नॉर्मल, घर्षण. गुरुत्वाकर्षण आणि नॉर्मल उभे, विस्थापन आडवं, दोघांचं कार्य शून्य. दोरीचं कार्य = १०० × ५ × ०.८ = ४०० ज्यूल. घर्षणासाठी आधी नॉर्मल काढावं लागतं आणि सापळा नेमका तिथे आहे. नॉर्मल २०० न्यूटन नाही. दोरी तिरकी आहे म्हणजे ती पेटीला थोडी वरही उचलतेय, १०० × ०.६ = ६० न्यूटनने, त्यामुळे जमिनीवर दाब कमी होतो आणि नॉर्मल = २०० − ६० = १४० न्यूटन. घर्षण = ०.२५ × १४० = ३५ न्यूटन, कार्य = −१७५ ज्यूल.

एकूण कार्य ४०० − १७५ = २२५ ज्यूल. सुरुवातीची गतिज ऊर्जा शून्य, म्हणजे शेवटची २२५. वेगाचा वर्ग = २ × २२५ ÷ २० = २२.५, वेग साधारण ४.७४ मीटर प्रति सेकंद. नॉर्मल चुकून २०० घेतलं असतं तर घर्षण ५०, कार्य −२५०, उरले १५० आणि वेग ३.८७. पद्धत बरोबर, बेरीज बरोबर, उत्तर चूक, आणि शोधत बसलात तरी चूक सापडत नाही कारण ती दिसतच नाही. म्हणून तिरकं बल दिसलं की नॉर्मल पुन्हा काढा, नेहमी.

उत्तर आल्यावर एक तपासणी करा: घर्षण नसतं तर ४०० ज्यूल मिळाले असते आणि वेग ६.३ च्या आसपास असता, आपलं उत्तर त्यापेक्षा कमी आहे, ठीक. एकूण कार्य ऋण आलं आणि वस्तू सुरुवातीला स्थिर होती, तर समजा की कुठेतरी चिन्ह गडबडलंय, कारण गतिज ऊर्जा शून्याखाली जाऊच शकत नाही.

वर्गाची भानगड, म्हणजेच ब्रेकचं गणित

वेगाचा वर्ग असल्यामुळे नक्की काय होतं ते ह्या उदाहरणाइतकं दुसरीकडे कुठे लक्षात येत नाही. १००० किलोची गाडी, ब्रेक लावल्यावर चाकं लॉक होऊन घसरतेय, घर्षणांक ०.७ धरू. घर्षण बल ७००० न्यूटन. ताशी ७२ म्हणजे २० मीटर प्रति सेकंद, ऊर्जा २,००,००० ज्यूल, ही सगळी घर्षणाला खायची आहे, म्हणून अंतर = २,००,००० ÷ ७००० = साधारण २८.६ मीटर. ताशी ३६ ला ऊर्जा ५०,००० आणि अंतर ७.१ मीटर. ताशी १०८ ला ४,५०,००० आणि ६४.३ मीटर. वेग तिप्पट, अंतर नऊपट. गाडीचं वस्तुमान दोन्हीकडे असल्यामुळे ते कटतं, बघा हवं तर करून, आणि ड्रायव्हरला ब्रेक दाबायला जो वेळ लागतो त्यातलं अंतर ह्यात धरलेलंच नाही, ते वेगळं.

आता खरी गंमत. अशाच दोन गाड्या शेजारी शेजारी, एक ताशी ७२ ने, दुसरी ताशी ९० ने. समोर भिंत आहे. दोघांनी एकाच जागी ब्रेक दाबले आणि ७२ वाली बरोबर भिंतीला टेकता टेकता थांबली. ९० वाली भिंतीवर किती वेगाने आदळेल? बहुतेक जण १८ म्हणतात, ९० वजा ७२. हिशोब करा. ९० म्हणजे २५ मीटर प्रति सेकंद, ऊर्जा ३,१२,५०० ज्यूल. त्या अंतरात घर्षणाने तेवढेच २,००,००० घेतले. उरले १,१२,५००. वेगाचा वर्ग २२५, वेग १५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ५४! वेगांची वजाबाकी होत नाही, वर्गांची होते. ह्या धड्यातलं एकच गणित कोणाला दाखवायचं असेल तर मी हे दाखवीन.

ह्या वर्गावरून एकेकाळी मोठे वाद झालेत. हलणाऱ्या वस्तूचा "जोर" वस्तुमान × वेग असा मोजायचा की वस्तुमान × वेगाचा वर्ग असा, ह्यावर युरोपातले मोठमोठे लोक भांडत होते, आणि जर्मन गणितज्ञ लाइबनिट्झ १६८६ पासून वर्गाच्या बाजूने होता. १७२०च्या दशकात डच शास्त्रज्ञ विलेम स-ग्राव्हेसांडे ह्याने पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ चिकणमातीत टाकून बघितले. दुप्पट वेगाने पडलेल्या गोळ्याचा खड्डा दुप्पट नाही, चौपट झाला. नंतर १७४० मध्ये फ्रेंच विदुषी एमिली द्यु शातले हिने आपल्या पुस्तकात वर्गाची बाजू जोरात मांडली. पुढे १८२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिसने बल × अंतर ह्याला कार्य म्हणून व्याख्येत बसवलं आणि वर्गापुढे तो अर्धा लावला. वाद मिटतो तो असा की दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या: बल किती वेळ लागलं हे विचारलं तर संवेग, आणि किती अंतरावर लागलं हे विचारलं तर गतिज ऊर्जा.

हा फरक आकड्यात बघा. घर्षण नसलेल्या सपाटीवर १ किलो आणि ४ किलोची ट्रॉली, दोघींना ८ न्यूटन बलाने ४ मीटर ढकललं. कार्य दोघींवर ३२ ज्यूल, म्हणून गतिज ऊर्जा सारखीच. वेग ८ आणि ४ मीटर प्रति सेकंद. संवेग मात्र ८ आणि १६, कारण जड ट्रॉलीला तेवढं अंतर जायला दुप्पट वेळ लागला आणि बल तिच्यावर जास्त वेळ राहिलं. परीक्षेत "समान बल, समान अंतर" आणि "समान बल, समान वेळ" हे दोन शब्दप्रयोग एकमेकांसारखे दिसतात, उत्तरं उलटी असतात.

घरी करून बघायचं असेल तर

मधे खाच असलेली पट्टी किंवा पुठ्ठ्याची लांब घडी घ्या, एक गोटी, आणि एक कागदी कप. कप उपडा ठेवून त्याच्या काठाला गोटी आत शिरेल एवढं दार कापा. पट्टी उतरती लावा, खालचं टोक दाराशी. गोटी टेबलापासून ५ सेंटीमीटर उंचीवरून सोडा, ती कपात शिरून कपाला ढकलत नेईल, कप किती सरकला ते मोजा. मग १०, १५, २० सेंटीमीटरवरून. प्रत्येक उंचीला चार-पाच वेळा करून सरासरी घ्या कारण आकडे बरेच हलतात. ५ च्या तुलनेत २० वरून गोटीचा वेग दुप्पट असतो, आणि कप ढोबळमानाने चौपट सरकायला हवा. गोटी गोल फिरते म्हणून तिची काही ऊर्जा फिरण्यात जाते, कपाला धडकतानाही काही वाया जाते, पण दोन्हीचं प्रमाण प्रत्येक वेळी साधारण तेच राहतं म्हणून गुणोत्तर बिघडत नाही. मात्र मधेच गोटी बदलू नका. वस्तुमान बदललं की धडकेत वाया जाणारा वाटाही बदलतो आणि मग निष्कर्ष काढता येत नाही.

बल बदलत असेल तेव्हा

स्प्रिंग दाबताना बल शून्यापासून वाढत जातं, म्हणून शेवटचं बल × अंतर असं करायचं नाही. बल-विस्थापन आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे कार्य, आणि स्प्रिंगचा आलेख सरळ तिरकी रेघ असल्यामुळे ते क्षेत्रफळ म्हणजे त्रिकोण. समजा स्प्रिंगचा स्थिरांक (दर मीटर दाबायला किती बल लागतं ते) २०० न्यूटन प्रति मीटर, दाबली १० सेंटीमीटर. शेवटचं बल २० न्यूटन, सरासरी १०, कार्य १० × ०.१ = १ ज्यूल. ही स्प्रिंग आडवी ठेवून सुटताना २० ग्रॅमचा चेंडू ढकलत असेल आणि घर्षण नसेल तर वेगाचा वर्ग = २ × १ ÷ ०.०२ = १००, वेग १० मीटर प्रति सेकंद. दुप्पट दाबली तर ऊर्जा चौपट पण वेग दुप्पटच.

स्थितिज ऊर्जा आली की होणारी दुहेरी मोजणी

२ किलोची वस्तू हळूहळू १.५ मीटर उचलली. हाताचं कार्य +३० ज्यूल, गुरुत्वाकर्षणाचं −३०, एकूण शून्य, आणि खरंच वस्तूची गतिज ऊर्जा सुरुवातीलाही शून्य आणि शेवटीही शून्य. मग ते ३० ज्यूल गेले कुठे? स्थितिज ऊर्जेत, म्हणजे उंचीमुळे साठून राहिलेल्या ऊर्जेत. आता नीट बघा, "गुरुत्वाकर्षणाचं कार्य −३०" आणि "स्थितिज ऊर्जा ३० ने वाढली" ही एकच गोष्ट आहे, दोन प्रकारे लिहिलेली. बरेच जण एकाच समीकरणात दोन्ही लिहितात आणि गुरुत्वाकर्षण दोनदा मोजलं जातं. एक काहीतरी ठरवा: एकतर सगळ्या बलांचं कार्य लिहा आणि फक्त गतिज ऊर्जेतला बदल काढा, किंवा गुरुत्वाकर्षणाला यादीतून काढून टाका आणि गतिज अधिक स्थितिज अशी बेरीज धरा. स्प्रिंगलाही हेच लागू. नवीन असाल तर काही दिवस पहिलीच पद्धत वापरा, लांबड लागते पण चुकत नाही.

अजून एक शंका जी हुशार मुलं विचारतात: चालत्या ट्रेनमध्ये बसलेल्याची गतिज ऊर्जा किती? प्लॅटफॉर्मवरून पाहणाऱ्याला भरपूर, शेजारी बसलेल्याला शून्य. दोघंही बरोबर. वेग कोणाच्या सापेक्ष मोजता त्यावर गतिज ऊर्जा ठरते, आणि विस्थापनही तसंच असल्यामुळे कार्यही बदलतं. मगाशी ट्रकमधल्या पेटीवरचं घर्षणाचं कार्य धन म्हणालो ते जमिनीवरून पाहून. प्रमेय दोघांच्याही हिशोबात जुळतं, अट एकच, की एकसमान वेगाने जाणारी एक चौकट (म्हणजे जिथून पाहून मोजायचं ती जागा) निवडायची आणि गणित संपेपर्यंत तीच धरायची. ट्रक स्वतः वेग घेत असताना ट्रकमध्ये बसून हिशोब केलात तर तो जुळणार नाही, कारण तिथे पेटी तर जागची हलत नाही आणि घर्षणाचं बल मात्र तिच्यावर लागलेलं दिसतं.